नुगाकच्या बायकांची होडी

४ फेब्रुवारी

आज अडीच महिन्यांच्या अंधारानंतर सूर्य आला. डोंगराच्या खांद्यावरून जेमतेम डोकावला, दारातल्या पाहुण्याने "आहात का घरी?" म्हणावं तसा, आणि परत गेला. सगळी वस्ती टेकडीवर जाऊन गाणी म्हणून आली. मी मात्र दुपारपासून स्वतःलाच शिव्या घालतेय, आणि त्यात सूर्याचा काही दोष नाही.

भावोजींनी सगळ्यांना मासळीच्या शेडमध्ये कॉफीला बोलावलं होतं. भावोजी म्हणजे साकेउस, माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. धाकटे म्हणायचे, एकोणऐंशीचे आहेत. तीन हिवाळे ते त्या शेडमध्ये ठाकठूक करत होते. आज ताडपत्री ओढली, आणि खाली बायकांच्या होडीचा सांगाडा, वर सीलची कातडी शिवायची आणि बायकांनीच वल्हवायची ती. नऊ मीटर लांब. जुन्या शाळेच्या तुळया, समुद्राने आणून टाकलेले ओंडके, आणि एकही खिळा नाही. सगळं कातडी वाद्यांनी बांधलेलं. हात लावला तर जनावरासारखा अंग हलवतो.

"माझं काम झालं," भावोजी म्हणाले. "लाकूड पुरुषांचं, कातडं बायकांचं. पुढचं वहिनी जाणोत."

बावन्न माणसं माझ्याकडे बघायला लागली.

कारण आमच्या वस्तीत शेवटची अशी होडी शिवली तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आणि त्या शिवणीला बसलेल्यांपैकी आज मी एकटीच जिवंत आहे. हे मी गेली चाळीस वर्षं प्रत्येक बारशाला, प्रत्येक वाढदिवसाला, कॉफीचा दुसरा कप हातात आला की सांगत आलेय.

आई समोरच उभी होती. आई म्हणजे बिबियाने, दुकान चालवते ती, चौतीस वर्षांची. माझी आई गेली त्याच्या पुढच्या वसंतात ही जन्मली आणि तिला आईचं नाव मिळालं. तेव्हापासून ती माझी आई आणि मी तिची लेक. ती पाळण्यात होती तेव्हासुद्धा नवे कामिक, सीलच्या कातड्याचे बूट, आधी तिला दाखवल्याशिवाय मी पायात घातले नाहीत.

"पोरी, जमेल ना गं?" तिने विचारलं.

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं. वर एक केकचा तुकडा पण खाल्ला.

आता खरं. ते कुणाला सांगितलेलं नाही, वहीला सांगते. त्या होडीत माझा एक टाका नाही. माझ्याकडे दोरा ओला ठेवायचं काम होतं. पहिल्या दिवशी ते केलं. दुसऱ्या दिवशी कातड्यांच्या ढिगात ऊब लागली आणि झोपले. जाग आली तेव्हा घरी अंथरुणात होते, आणि होडी शिवून झालेली. आधी मी म्हणायचे, "मी तिथं होते." मग "आम्ही शिवली" झालं. पुढे "मी शिवली" कधी झालं, माझं मला कळलं नाही. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

१५ फेब्रुवारी, शनिवार

कामिक मी हजारभर शिवले असतील. पाय ओला झाला अशी तक्रार घेऊन आजवर कुणी आलं नाही. मनाची समजूत घातली की होडी म्हणजे एक मोठा बूटच. तसाच टाका. सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, निम्म्यात शिरून निम्म्यातच बाहेर काढायची.

दाढीवाल्या सीलच्या जाड कातड्याचे दोन तुकडे घेतले, पिशवी शिवली, पाणी भरलं आणि चुलीवरच्या खुंटीला टांगली.

टप. टप. टप.

उसवून पुन्हा शिवली. टप. टप. सुया बदलल्या. आजकाल सुया धड मिळत नाहीत. शिवता येईना, सुई वाकडी, असं कुणी म्हणेल, म्हणू दे.

तेवढ्यात भावोजी अर्धा हॅलिबट घेऊन दारात. "चुकून जास्त पकडला गेला, वहिनी." यजमान गेल्याला सात वर्षं झाली, आणि सात वर्षं दर शनिवारी या माणसाचा मासा चुकतो. सुतार म्हणून माप बिनचूक, आणि माशांच्या बाबतीत अंदाज म्हणून नाही.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "काय गळतंय?"

"फडकं वाळत घातलंय."

"हं." मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "मार्च लागला की बर्फगाडीला कुत्री जोडून तिनुत्तेकला आणि कांगार्सुकला चाललोय. आपल्याला कातडी कमी पडतायत. तिकडच्यांकडे असतील. कांगार्सुकात ती अबेलोने अजून आहे म्हणे. पूर्वी फार शिवायची."

"असेल," मी म्हटलं.

"गाडीवर एक जागा आहे. कातडी पारखायला बाईमाणूस लागेल ना. मला काय कळतंय त्यातलं?"

देवच पावला. जे मला मागायचं धाडस होत नव्हतं ते या भोळ्या माणसाने आपणहून पुढ्यात ठेवलं.

२ मार्च, तिनुत्तेक

चार घरं, अकरा माणसं, साठ कुत्री. आम्ही पोचायच्या आधी दोन घरांत कॉफी उकळत होती आणि तिसऱ्या घरातली बाई रुसली, म्हणून तिकडेही प्यावी लागली. उकडलेलं सीलचं मांस, वर चरबी. भावोजींनी तीनदा घेतलं.

मी सहज विचारल्यासारखं विचारत होते. "तुमच्याकडे होडी शिवताना कसं करायचे हो?" इथल्या सगळ्यात जुन्या बाईला आजीच्या सुयांची वॉलरसच्या सुळ्याची नळी तेवढी आठवत होती. ती दाखवली. नळी रिकामी.

मग तिचीच सून म्हणाली, "मावशी, तुम्ही स्वतः शिवलेल्या. एक टाका घालून दाखवा की. आम्ही म्हणू तरी, पाहिला म्हणून."

मी हातमोजे पुन्हा चढवले. "हात गारठलेत गं," म्हटलं.

त्यांनी दोन कातडी दिली, वर सुकवलेली मासळी. निघाल्यावर गाडीवर भावोजी मागे वळून म्हणाले, "काय वहिनी, उबले का हात?" आणि कुत्र्यांवर ओरडायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. त्यांच्या खांद्यांना हिसके बसत होते. थंडी बाधली असावी.

४ मार्च, कांगार्सुक

आजचं सगळं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

अबेलोने अठ्ठ्याऐंशीची आहे. खिडकीशी खाटेवर बसून असते आणि फ्योर्डवरून कोण येतं कोण जातं याचा हिशेब ठेवते. मी नमस्कार केला, हवापाण्याचं बोलले, कातड्यांचं बोलले, तिच्या गुडघ्यांचं बोलले.

"नुगाकहून एवढी बर्फावरून आलीस ती माझे गुडघे विचारायला?" ती म्हणाली. "ताकाला आलीस तर भांडं दाखव."

मी हळूच होडीच्या शिवणीचं नाव काढलं.

"खोक्यात तुकडे आहेत. दोन घे. शीव."

शिवले. कामिकचा टाका हातात मुरलेला आहे, तो चुकला नाही. अबेलोनेने शिवण तोंडाला लावली आणि गाल फुगवून फुंकर मारली. मग माझ्याकडे बघितलं.

"टाका चांगला आहे. कुणी शिकवला?"

"आईने."

"हवा जातेय पण. पलीकडे कोण होतं?"

"पलीकडे? कोण असणार? एकटीच शिवते."

म्हातारी अशी हसली की तिला ठसका लागला, सुनेने येऊन पाठ चोळली. "अगं बये! बूट एकटीने होतो. होडी एकटीने होते का कुठे? एक बाई कातड्याच्या वर, एक खाली. वरची टाका घेते आणि ओढते, खालची तो धरते. मग खालची घेते, वरची धरते. एकीला दुसरीचं तोंड दिसत नाही. ओढ मात्र दोघींची सारखी पाहिजे. जरा कमीजास्त झाली की भोक तोंड वासतं."

"मग दिसत नाही तर कळायचं कसं?"

"बोलून. सारखं बोलत राहायचं. काय वाटेल ते बोल, भांडलीस तरी चालेल. पण गप्प बसायचं नाही. गप्प बसली की हात वेगळे पडतात."

मी निघाले तेव्हा तिने हात धरला. "त्या शेवटच्या होडीला होतीस ना तू?"

"होते की तिथं."

"हं," अबेलोने म्हणाली. "तिथं होतीस."

तीन कातडी मिळाली. मला तर दहा मिळाल्यागत वाटलं. वाटेत दोनदा गाणं म्हटलं. भावोजींनी कुत्र्यांना हळू घेतलं, म्हणाले बर्फ खडबडीत आहे. मला तर चांगला गुळगुळीत दिसत होता.

१७ एप्रिल

कातडी आमच्या शेडमध्ये त्यांच्याच चरबीत दाबून ठेवलीत, केस सुटायला. वास असा की पाद्र्याने प्रवचन अर्ध्यावर आणलं. आई म्हणते दुकानात गिऱ्हाईक टिकत नाही. मी म्हटलं, "आई, वास येतोय म्हणजे काम चाललंय." ती म्हणाली, "पोरी, मग तुझं काम उत्तरेला ने, वारा तिकडून येत नाही."

भावोजींच्या भाच्याने आणखी दोन दाढीवाले सील आणले. बारा झाली. आता कमी नाहीत.

आज केस सुटले. खरवडायला नऊ बाया आल्या. सोरीना, आमच्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची, म्हणाली, "मावशी, तुम्ही नुसत्या बसून सांगा. तुमचं वय नाही आता हे करायचं." मी सांगत बसले. काय सांगितलं देव जाणे. त्यांना सगळं पटत होतं.

एवढा विश्वास माणसाने माणसावर ठेवू नये.

३० मे

आता सूर्य मावळतच नाही, त्यामुळे झोप येत नाही म्हणायला कारण मिळालंय.

कातडी समुद्रात भिजत टाकलीत. दोरा तयार आहे. देवमाशाच्या पाठीची शीर वाळवून, चिरून, वळून मोठा डबाभर केलाय. परवा बसायचं. बारा जणी, सहा जोड्या. माझ्यासमोर कोण, असा प्रश्न आला तेव्हा आईच पुढे झाली. "माझी लेक आहे. मी बसणार." तिने आयुष्यात दुकानाच्या पडद्यापलीकडे काही शिवलेलं नाही. पण आईला नाही कसं म्हणणार?

एकवीस जूनला, मोठ्या दिवसाला, होडी वल्हवत कांगार्सुकला न्यायची असं ठरलंय. तिकडे निरोपही गेलाय. गळली तर दोन वस्त्यांसमोर गळणार. मग पुन्हा कोणी सांगाडा बांधणार नाही, आणि हे शिवणकाम माझ्याच हातून बुडालं असं होईल. ज्या हाताने ते कधी केलंच नाही त्याच हातून.

१ जून

बसलो!

सांगाड्यावर ओली कातडी पसरली. सहा जणी वर, सहा आत खाली सरपटत गेल्या. सुरुवातीला सगळ्या देवळात आल्यासारख्या गंभीर. मी ओरडले, "बोला गं! गप्प बसायचं नाही!"

"काय बोलू?" खालून आईचा आवाज.

"काहीही. दुकानात साखर का संपते ते सांग."

"साखर संपते कारण तू दोन दोन पिशव्या नेतेस, पोरी. ओढ."

"ओढली. पाहुणे येतात माझ्याकडे."

"पाहुणा एकच येतो, शनिवारी. धरला. आता माझा."

सगळ्या शेडमध्ये हशा. मला त्यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही, पण हात बरोबर चालले होते. पलीकडे सोरीना आणि तिची जाऊ पाच वर्षांपूर्वीच्या एका हरवलेल्या किटलीवरून भांडत होत्या. त्यांची शिवण सगळ्यात सुरेख आली.

संध्याकाळपर्यंत सात शिवणी.

२ जून

आज हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

सकाळी कॉफीला बाहेर गेलो आणि भिजवलेल्या दोऱ्याचा डबा दारात राहिला. कुत्री साखळीला असतात, पिल्लं नसतात, हे इथे जन्मलेल्या माणसाला सांगायला लागतं का? पाच पिल्लांनी दोरा खाल्ला. शेवया खाव्यात तसा सुर्रकन. दोन शिवणी बाकी होत्या.

सगळ्या डोक्याला हात लावून उभ्या. आई म्हणाली, "थांबा. दुकानात मासेमारीचा नायलॉनचा दोरा आहे. तुटत नाही, कुजत नाही. पोरी, चालेल की."

चालणार नव्हता. शिरेचा दोरा पाण्यात फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो. नायलॉन फुगत नाही. मला माहीत होतं, शब्द जिभेवर होता. पण चारचौघींत आईला खोटं पाडायचं? मागच्या खेपेला ती जिवंत होती तेव्हाही कधी केलं नाही. आणि दुसरंही आहे. मला खरंच माहीत होतं का? मी कुठे होडी शिवली होती?

"चालेल," मी म्हटलं, आणि पुढच्या दोन शिवणी गप्प बसून शिवल्या. आईने खालून तीनदा विचारलं, "पोरी, बोलत का नाहीस?"

३ जून

होडी ठोकळ्यांवर ठेवली. पुरुष बादल्या भरून पाणी आत ओतायला लागले, बायका खाली वाकून बघायला. पहिली शिवण कोरडी. दुसरी कोरडी. सातही कोरड्या. सोरीनाने तर नाचायला सुरुवात केली.

मग पुढच्या टोकाच्या दोन शिवणींतून थेंब आले. एक एक करत, कुणी माळ ओवावी तसे. मग धार.

सोरीनाचे पाय थांबले. ऊन चढत होतं. कातडं ओलं आहे तोवरच सुई चालते, उद्या ते लाकडासारखं होणार. आणि दोरा नाही.

आई त्या धारेखाली हात धरून उभी होती. "हे माझ्या दोऱ्याने झालं."

"हो," मी म्हटलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"आईला कसं बोलणार?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, मी दुकानात डबे मांडणारी बाई! होडीतलं मला काय कळतंय?"

"मला तरी काय कळतंय?" आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. बावन्न माणसांसमोर, हातात रिकामी सुई. की मी शिवली नव्हती. एक टाकासुद्धा नाही. की झोपले होते. की चाळीस वर्षं थाप मारली आणि तिच्या जिवावर केक खाल्ले.



मग भावोजींनी बादली खाली ठेवली. "वहिनी, तुम्हाला घरी कोणी नेलं असं वाटलं? मी वीस वर्षांचा होतो. तुमच्या आईने सांगितलं, ही पोर उचल नाहीतर तिलाही होडीत शिवून टाकू. घोरत होता तुम्ही."

"म्हणजे तुम्हाला..."

"मी सगळ्यांना सांगितलंय. केव्हाच. तुमच्या लग्नात पहिल्यांदा सांगितलं."

"मला माझ्या आजीने सांगितलं," सोरीना म्हणाली.

मी आईकडे बघितलं. तिने मान डोलावली.

"मग माझ्यावर का टाकलंत हे?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कारण कामिकचा तो टाका या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाच्या हातात नाही," आई म्हणाली. "आणि विचारायला दारोदार हिंडेल अशी दुसरी कोण आहे? पोरी, आता रडू नकोस, कातडं वाळतंय. आई सांगते. उसव."

उसवली.

दोऱ्याचा प्रश्न होताच. पण तेवढ्यात सोरीना घरी पळाली आणि आजीच्या शिवणाच्या डब्यातून दोऱ्याची एक जुनाट गुंडी घेऊन आली. ते बघून सगळ्याच पळाल्या. कुणाच्या कपाटातून, कुणाच्या ट्रंकेतून, एकीच्या तर बायबलमधून, खूण म्हणून ठेवलेला. चाळीस चाळीस वर्षांचा शिरेचा दोरा, मेलेल्या बायांच्या हातचा, वाळून काडी झालेला. तो मऊ करायचा तर तोंडात धरून चघळायला हवा, आणि चघळणारीला बोलता येत नाही, आणि न बोलता शिवता येत नाही.

सोरीनाने तोड काढली. "लाकूड पुरुषांचं, कातडं बायकांचं. दोरा चघळायला कुणाचंही तोंड चालतं. बसा रांगेत!"

तर आज दुपारी नुगाकचे सगळे पुरुष, पाद्र्यासकट, भिंतीशी ओळीने बसून दोरा चघळत होते. इतके गप्प मी त्यांना कधी पाहिलेले नाहीत. भावोजींनी कवळी काढून खिशात ठेवली आणि नुसत्या हिरड्यांनी सगळ्यांत जास्त दोरा मऊ केला. शिवताना आम्ही बाया इतक्या बोललो, इतक्या बोललो की माझा घसा बसला. आईने मला तीन वेळा चुकलीस म्हणून सांगितलं आणि मी तिला चार वेळा. शेवटी ती खालून म्हणाली, "काय तोंड आहे गं पोरीला!" आणि मी म्हटलं, "आईवर गेलंय. ओढ!"

पुन्हा पाणी ओतलं. मी वाकलेच नाही. पाठ करून उभी राहिले. मग भावोजींचा बोळका आवाज: "वहिनी, खाली धूळ आहे. कोरडी धूळ."

१२ जून

होडी वाळली. बोटाने वाजवली तर ढोलासारखी बोलते. शिवणींना चरबी चोळली. शनिवार नसताना भावोजी मासा देऊन गेले. आता वारसुद्धा चुकायला लागलेत.

२१ जून, कांगार्सुक

बोटं वल्ह्यांनी नाही, सुकाणूने सुजलीत, तरी लिहिणारच.

आठ जणी वल्ह्यांवर, मी मागे सुकाणूला. पाणी आरशासारखं, मध्ये मध्ये बर्फाचे तुकडे. आई सगळ्यात पुढच्या फळीवर बसली होती. दर थोड्या वेळाने वल्हं उचलून आत तळाला हात लावायची आणि तो हात वर करून दाखवायची. कोरडा. पुन्हा कोरडा.

पुरुष मोटारबोटींतून बाजूने. भावोजी ओरडत होते, "दमलात तर दोर टाकू का? पोचवतो संध्याकाळपर्यंत!"

"तुमचं पेट्रोल संपलं तर आम्हीच ओढू!" सोरीना ओरडली. बाकीच्या हसल्या आणि वल्ही एकदम पडली, आणि होडी अशी पुढे गेली की मी मागे कोलमडले. लाकडी होडी पाणी फोडते. ही पाण्यावरून सरकते, सीलसारखी, आणि लाट आली की तळ अंगाखाली श्वास घेतल्यासारखा हलतो. बाहत्तर वर्षांची आहे मी. असं काही माझ्या बुडाखाली कधी हललं नव्हतं.

अर्ध्या वाटेवर एका बर्फाच्या तुकड्याची धार बाजूने घासत गेली. खर्रर्र. नऊ जणींनी दात आवळले. कातडं आत दबलं, बाहेर आलं, बास. आईचा हात वर. कोरडा.

कांगार्सुकचा सगळा किनारा माणसांनी भरलेला. बंदुकीचे बार काढले. अबेलोनेला खुर्चीसकट उचलून पाण्यापाशी आणलं होतं. होडी वाळूवर आडवी केली तशी तिने स्वतःला आणखी जवळ न्यायला लावलं, आणि पुढच्या टोकाची शिवण बोटाने चाचपत गेली. आमचीच शिवण, नेमकी. मग म्हणाली, "वर कोण होतं, खाली कोण होतं?"

"मी वर. खाली आई."

"कळत नाही," अबेलोने म्हणाली. "दोन बायांची वाटत नाही." आणि सुनेला म्हणाली, "यांना मत्ताक वाढ. पोट फुटेपर्यंत वाढ."

वाढलंही तसंच, देवमाशाची चरबीसकट कातडी, ताटं भरभरून. खाऊन मी दगडाला टेकून पाय पसरले होते, तर किनाऱ्यावर गलका झाला. बघते तो कांगार्सुकच्या आठ बायका आमच्या होडीत बसल्या होत्या. कुणाला विचारलं नव्हतं. अबेलोनेची सून सुकाणूला. पहिली चार वल्ही चार दिशांना गेली, होडी गोल फिरली, किनाऱ्यावरून सगळे ओरडून सांगायला लागले. मग कुणीतरी मोठ्याने शिव्या घातल्या, दुसरीने उत्तर दिलं, आणि वल्ही जुळली. गेल्या की सरळ! खडकाच्या टोकाला वळसा घालून दिसेनाशा झाल्या. नुसतं त्यांचं भांडण ऐकू येत होतं, मग तेही नाही.

आम्ही वाट बघितली. कॉफी झाली. दुसरी झाली.

भावोजी माझ्या शेजारी येऊन बसले, डोळ्यांवर हात धरून टोकाकडे बघत. "वहिनी, पळवली वाटतं यांनी तुमची होडी."

"पळवू दे," मी म्हटलं. "पळवावं असं काहीतरी आता आहे आपल्याकडे."